करंगळीशेजारचं

पोलंडहून कागद आला, त्यावर पेन्सिलीनं ओढलेला हात.
डावा. मनगटापाशी रेघ हललेली,
आपल्याच हाताभोवती आपणच ओढली की हलते तशी.
दोंडाईच्यात त्या दिवशी मिरचीचे ढीग उलथत होते,
पोस्टमन शिंकत आला, मी शिंकत सही केली.
आई म्हणाली, "हाऊ कोना हात शे?"
आणि आपला तळवा त्यावर ठेवून पाहिला.
चहूकडून कागद उरला.

वर्षाला असे तीस-चाळीस हात येतात आमच्याकडे.
तिकडे लोक सुट्टीच्या दिवशी जुन्या काळातली लढाई लढतात,
तलवारींना धार नसते, तरी लागायचं ते लागतंच.
म्हणून पोलादी पंजे.
सोळा गेजचा पत्रा, आतून म्हशीचं कातडं,
प्रत्येक बोटाला सात पाकळ्या,
तापीतल्या झिंग्याच्या पाठीसारख्या
एकीखाली एक सरकणाऱ्या.
आबा माझे, हिलाल मिस्तरी, गाडीच्या चाकांना धावा चढवायचे.
गाड्या गेल्या. पन्नाशीत ते बोटं शिकले.

या हाताला बोटं चारच होती.
अंगठा धरून चार.
करंगळीच्या शेजारी रेघ जरा वर येऊन लगेच खाली वळलेली,
मध्येच विचार बदलल्यासारखी.
खालचं इंग्रजी मी वाचून दाखवलं:
पंजा पाच बोटांचा करा.
बाकी काही नाही. कसं गेलं, कधी गेलं,
काही नाही.

आबांनी विडी विझवली.
"रिकामं बोट हलणार कसं?"
दोन दिवस हा प्रश्न ऐरणीपाशी बसून राहिला.
कापूस कोंबून पाहिला, लाकडाची खुंटी घालून पाहिली.
मूठ मिटली की बाकीची मुकाट मिटायची
आणि ते एक ताठ,
गुरुजी मी सांगतो, मी सांगतो म्हणणाऱ्या पोरासारखं.

तो पंजा बाद झाला.
आईनं उचलला.
कपाशीच्या काड्यांच्या जाळात वांगी उलटवायला
याहून बरं काय!
केवळबाईचा हात पाहायला गल्ली जमली:
कोपरापर्यंत पोलाद, त्यावर काजळी,
मुठीत हिरवं वांगं, सालीतून फुसफुसणारं.
आणि ते ताठ बोट तिनं खुपसलं थेट गरात.
"शिजनं," म्हणाली.

भरीत खाता खाता आबा थांबले.
"नवा गोऱ्हा असला की
जाणत्या बैलाशेजारी जुंपतात ना?"
घास तसाच ताटात. हात धुतला की नाही आठवत नाही.
रात्री अकराला त्यांनी आतून, कुणाला दिसणार नाही अशी,
कातड्याची एक बारीक वादी टाकली
मधल्या बोटापासून रिकाम्या बोटापर्यंत.
मूठ मिटली.
पाचही.
पुन्हा उघडली, पुन्हा मिटली,
मी मोजलं नाही, पण खूप वेळा.
शाळेत त्या बोटाचं नाव अनामिका असं शिकवलं होतं,
आबा त्याला 'शेजारी' म्हणू लागले.

चैत्रात फोटो आला.
हिरवंगार गवत, तीसेक माणसं, सगळ्यांची तोंडं लोखंडात.
आमचं गिऱ्हाईक कोणतं?
आबांनी भिंग मागितलं. चेहरे सोडून मुठी पाहत गेले,
आणि डावीकडून सातव्याला म्हणाले, हा.
आईनं विचारलं, कोण जिंकलं?
कुणी नाही, मी म्हटलं, पडलेले उठतात,
मग सगळे एका तंबूत बसून जेवतात.
"मंग काबर लढतस त्या?"

मला सांगता आलं नाही.
आबांचं लक्षच नव्हतं.
भिंग त्या बोटावर धरून ते बसले होते,
कपाळाला आठी.
फोटोत असलं काही दिसत नाही हे त्यांनाही ठाऊक,
तरी शेजारी
किंचित उशिरा मिटला असावा
असं त्यांना वाटत होतं.